नजरी नकाशा

आधी कागदावर उत्तर दिशा काढायची,
मग नाला, मग रस्ता, मग घरं.
पक्क्याला चौकोन, कच्च्याला त्रिकोण.
प्रशिक्षणात एवढंच शिकवलं, आणि चहा दिला.

बल्लारी नाल्याचं वळण
माझ्या हातून तीनदा चुकलं.
चौथ्यांदा कळलं, चूक माझी नव्हती,
गेल्या पुरात नालाच सरकलाय.

मी भूगोल शिकवते, वडगावच्या शाळेत.
'राजधानी म्हणजे काय?' दोन गुण.
दरवर्षी एखादं पोर खिडकीबाहेर हात करून विचारतं,
'मग ती हलग्याची पांढरी इमारत?'
ती डिसेंबरात दहा दिवस राजधानी असते.
तेवढ्यापुरती शहराची लोकसंख्या वाढते:
मंगल कार्यालयांत पोलीस झोपतात,
मांडवाच्या दोऱ्यांवर खाकी वाळते,
कुंद्याचे डबे गाड्यांच्या डिकीत चढतात.
अकराव्या दिवशी कुणी नसतं,
आणि रस्त्यावर गतिरोधक परत उगवतात.

खरी वाढ आवाज करत नाही.
ती येळ्ळूरच्या अंगानं येते,
भाताच्या खाचरांत पिवळे दगड रोवत.
मागच्या खेपेला माझ्या गटात एकोणसाठ घरं होती,
यंदा दोनशे सात,
त्यातली एकतीस कुलूपबंद,
एकात फक्त सिमेंटची पोती आणि राखणदार,
त्याचं गाव रायचूरकडचं,
वय त्यानं माझ्याकडूनच मोजून घेतलं.

घर क्रमांक एकशे चौदा.
शेवंता हुंदरे, हात शेणाचे.
मी विचारलं, मातृभाषा?
'कुणाची मातृ, बाई?
माझी मराठी, मी कुद्रेमनीची.
सासू बैलहोंगलची, तिची कन्नड.
पोरगी झोपेत दोन्हीत भांडती.'
मग गोठ्याकडं मान वळवून,
'म्हशीला मात्र कन्नडच कळतंय बघा,
गोकाकच्या बाजारातनं आणलीया.
मराठीत हाक मारली तर कान बी हलवत नाही.'

अवगत भाषांना रकाने दोनच.
घरात एकाच भाषेवर ठाम असलेली ती एकटी,
आणि तिच्यासाठी एकही नाही.

गटाची सीमा बंद करायची असते,
रेघ जिथून निघाली तिथंच परत यायला हवी.
माझी हुंदऱ्यांच्या परसात अडली.
चूल आत, गोठा बाहेर,
पलीकडं ग्रामपंचायत, अलीकडं महानगर,
मधे कोथिंबिरीचा वाफा.
मी वाफ्याला विचारणार कसं?

रात्री दिव्याखाली एक आकार काढला,
चौकोन नाही, त्रिकोण नाही,
पाठीशी जरा फुगीर.
पर्यवेक्षक चिकोडी साहेब म्हणाले, 'हे काय?'
'गोठा.'
त्यांनी खोडरबर मागितलं.

सीमा आता बंद आहे. नकाशा जमा झाला.
तेवढ्या जागी कागद पातळ झालाय.