खोकं बावीस, पत्र सातवं

लिहिणारी बार्बरा-अ‍ॅन मोवॅट, वय एकोणीस,
स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या आमच्या या विक गावातून
हेरिंग मासे चिरायला यार्मथला गेलेली, सन १९११.
कागदाला अजून वास येतो, म्हणते एफी.
मला नाही येत.

"बोटांना पिठाच्या पोत्याच्या चिंध्या बांधतो,
तरी मीठ आत शिरतंच.
मिनिटाला चाळीस मासे होतात.
काल साठ झाले, पण कुणी मोजत नव्हतं."

१९२६ साली वारली. लग्न नाही, मूल नाही.
भाऊ कॅनडात, म्हणजे कॅनडात कुठेतरी.
पत्र कधी छापलं नाही,
म्हणून २०३९ सरेपर्यंत त्यावर हक्क तिचाच.
जिवंतपणी मुकादम मजुरी द्यायचा
हंगाम उलटल्यावर, तीही कापून.
मेल्यावर मात्र चोख पहारा.

कायदा अगदीच निर्दयी नाही. अपवाद आहेत.
अपवादाला पोटकलम, पोटकलमाला परंतुक,
परंतुकाच्या पोटात पुन्हा एक 'वगळून'.
नाकापेक्षा मोती जड,
आणि आता नाक कुठंय तेच सापडत नाही.

लिब्स्टरच्या बाईंना वर्गात पडद्यावर दाखवता येईल.
तेच पोरांनी घरी जाऊन उघडलं तर?
विचारून सांगते.
मॅग्नसचे डोळे गेलेत, त्याला ध्वनिप्रत देता येईल;
शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं
तेवढा वेळ विणकामात लक्ष घालावं.

उरलेल्या जगासाठी अर्ज.
वारसांचा कसून शोध घेतल्याचा पुरावा जोडा.
कॅनडातल्या अकरा मोवॅटांना लिहिलं,
तिघांनी उत्तर दिलं,
एकानं विचारलं, पैसे किती?
शेवटी 'बेवारस' या शब्दापुढे खूण केली.
स्टेशनावर राहिलेल्या पेटीसारखी बार्बरा-अ‍ॅन.

आणि मग आज, दुमडलेल्या कडेला, पेन्सिलीनं:
"आई, जेमिमाकडून वाचून घे,
दार उघडं ठेव, गल्लीभर ऐकू जाऊ दे.
प्रत्येकीला वेगळं लिहायला
माझ्याकडे धड बोटं नाहीत."

हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं
'हक्कधारकाची संमती' या चौकटीत.
चौकट लाल झाली.
तिला ईमेल पत्ता हवा होता.

एफी दिवे मालवून गेली.
मी दार उघडं ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले,
पहिल्या ओळीपासून.
सफाईचा टॉरक्विल यंत्र बंद करून
दारात येऊन उभा राहिला, हातात वायर.

तो कोणत्या कलमात बसतो,
उद्या बघावं लागेल.