शिल्लक

तंबाखूच्या वखारीत आता शेंगाचटणी होते.
भिंतींना तीनदा चुना लावला,
तरी दुपारी पत्रा तापला
की लसणीच्या वासाखालून जुना जर्दा वर येतो.
इंदुमतीबाई मुतगेकर शिंकतात
आणि म्हणतात, "आले मालक."

मी तेव्हाही इथंच वह्या लिहायचो.
मालकांनी नफ्यातून निपाणीत शाळेला दोन खोल्या दिल्या,
संगमरवरावर वडिलांचं नाव.
बायका चाळण मारता मारता खोकायच्या.
खोकला कुठल्या खात्यावर टाकायचा
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता दोनशे ग्रॅमचं पाकीट आहे.
वर कन्नडमध्ये, लाभवेल्ला दानक्के.
खाली मराठीत, सगळा नफा दानाला.
कुठली ओळ किती मोठी
यावर छापखान्यात दोन दिवस गेले.
कन्नड सुतभर मोठी ठरली,
मराठीला लाल रंग मिळाला.
नफा म्हणजे काय, हे मात्र
दोन्ही भाषांत कुणी विचारलं नाही.

ते माझं काम.
शेंगा, संकेश्वरी मिरची, लसूण, जिरं, मीठ,
वीजबिल,
कोगनोळी नाक्यापलीकडं जाणाऱ्या टेम्पोचं डिझेल,
अकरा बायकांचा रोज,
उंदरांनी फोडलेलं एक पोतं,
सगळं वजा करून
उखळाच्या कडेला जे चिकटून राहतं
ते पाकिटामागं चार रुपये.
ते संकेश्वरच्या दवाखान्यात जातात.
तिथं रक्त धुणारी दोन यंत्रं आहेत.
तीनशे बारा पाकिटं म्हणजे
एका माणसाचं एका वेळचं रक्त.
हे मी पुठ्ठ्यावर लिहून खांबाला अडकवलं.
त्या आठवड्यात पाकिटं जास्त भरली गेली,
मला जरा अभिमानही वाटला.

मार्चअखेरीला सत्तेव्वा माझ्या टेबलाशी आली.
हात कोपरापर्यंत लाल.
तिचा नवरा मंगळवारी आणि शुक्रवारी
त्याच यंत्राला जोडलेला असतो,
फुकट, खिडकीकडच्या खाटेवर.
"अण्णा, रोजाला चाळीस वाढवा."

मी वही तिच्याकडं फिरवली.
अकरा बायका, चाळीस रुपये, सव्वीस दिवस.
"महिन्याला नऊ वेळचं रक्त जाईल, सत्तेव्वा.
त्यात एखादी वेळ तुझ्याच घरची असेल."

मी असं बोललो.
वहीत ते कुठंच नाही,
म्हणून इथं लिहून ठेवतो.

ती आकड्यांकडं बघत राहिली.
पाकिटं मोजता मोजता शिकलेले आकडे.
"दान बेडा अनत न्हाई मी.
पर ते माझ्याच हातातनं जातंय न्हवं?
मग घटकाभर माझ्या हातात थांबू दे की.
मग जाऊ दे कुठं जायचं ते."

पानावर तिच्या बोटाचा डाग पडला.
मिरचीचा डाग खोडरबरानं जात नाही, पसरतो.

इंदुमतीबाईंनी ऐकून घेतलं.
बोलल्या नाहीत काही, शेंगांची टरफलं फुंकत राहिल्या.
संध्याकाळी जाताना चप्पल घालत म्हणाल्या,
"चाळीस वाढवा. आणि पाकिटाला दोन रुपये चढवा."

कोल्हापुरात एक गिऱ्हाईक बाई कुरकुरली म्हणे,
तिखट जरा जास्तच असतं,
पण चांगल्या कामाला जातं म्हणून घेत होते,
आता तेही महागलं.
घेतलं मात्र तिनं.

जुनी छापलेली पाकिटं अजून वीस हजार पडून आहेत.
नवी किंमत शिक्क्यानं मारतो.
ओळ खोटी झालेली नाही,
सगळा नफा अजूनही दानालाच जातो.
दोन रुपयांत नवापैकी सात वेळा भरून निघाल्या.

दोन राहिल्या.
कुणाच्या, ते दवाखाना कळवत नाही,
मी विचारतही नाही.
रात्री वखारीला कुलूप लावताना
पत्रा निवत असतो,
कुठंतरी एकदा वाजतो,
थोड्या वेळानं
पुन्हा एकदा.