रात्रपाळी

अकराला लाईट गेली तसे मगदुमांचे माग थांबले.
वडगावात आता नुसती कुत्री
आणि माझा उजवा पाय.

तो पावडी मारतो.
हातमाग विकून सोळा वर्षं झाली,
त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
एक झटका. मग जरा वाट बघायला लावून दुसरा.
सातेरी झोपेतच गुडघ्यावर हात टाकतो,
चालता माग थोपवावा तसा.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं:
ही नस, हे वरचं वेष्टण,
ते जागोजागी खरवडलंय.
मी म्हटलं, ताण्याची खळ गेलीय म्हणा की.
त्या हसल्या. सातेरी नाही हसला.
खळ गेलेला ताणा त्यानं हाताळलाय,
तुटेल तिथं गाठ मारत, रात्ररात्र.

दोनला लघवीला. सव्वातीनला परत.
भिंत, पोराची सायकल, मीटरची पेटी, कडी,
अंधारात एवढंच माझं गाव.
येईपर्यंत झोप उठून गेलेली,
चहा टाकला म्हटलं तरी न थांबणाऱ्या पाहुणीसारखी.

मग फरशीवर पडते. शहाबादी, गार.
इथली थंडी लोकांना बोचते,
माझ्यावर तेवढीच माया करते.
तरी बरगड्यांभोवती कुणीतरी पदर आवळत राहतं
आणि तळपायातल्या मुंग्या
कुठल्या साखरेला निघाल्यात कळत नाही.

दुपारी मात्र कांडी भरता भरता मान पडते,
सूत सुटून रहाटाला गुंडाळतं.
जाऊ म्हणते, दिवसा झोपल्यावर रात्री कशी येईल?
मी हो म्हणते.
हो म्हणायला जोर लागत नाही.

शेजारची गंगव्वा रोज पाणी भरताना विचारते,
"निद्दी बंतेन?"
मी म्हणायची, "बंतु, बंतु."
तीन वर्षं बंतु.

परवा तोंडातून निघून गेलं, "बरलिल्ल."
तिनं घागर नळाखालीच सोडली,
उंबऱ्यावर येऊन बसली,
माझा पाय मांडीवर घेतला.
एक शब्द नाही, ना तिच्या भाषेत ना माझ्या.
पाय उडाला,
तिच्या धुतल्या लुगड्यावर, सगळ्या गल्लीसमोर.
तिनं सोडला नाही.

आठ दिवसांनी आलेलं पाणी
घागरीवरून गटारीला चाललं होतं,
आणि मला, भर उजेडात,
जांभई आली.