फक्की

रविवारी सकाळी सातला
मी वत्सूच्या बुटांच्या नाड्या बांधतो.
ती सेहेचाळीस वर्षांची, मी त्रेचाळीसचा.
डावा आधी, मग उजवा. उलट झालं
तर दोन्ही सोडून पुन्हा.
दांडिया बाजार ते कारेलीबाग, स्कूटरवर,
ती माझ्या कानाशी सिग्नल सांभाळते:
लाल दिसला की म्हणते, "बस."
हिरव्याला काहीच म्हणत नाही.

शाळेच्या मैदानावर आधीच आलेले असतात
फिरोज, जो शिट्टीला सलाम ठोकतो,
पारुल, जिला चेंडू द्यायला आवडतो, घ्यायला नाही,
आणि चौबळांचा निखिल, पहिलवानी खांद्यांचा,
ज्याला आपलं नाव
दोनदा हाकारल्याशिवाय पटत नाही.
कडेला आम्ही. आया, दोघे बाप, एक मावशी,
भाऊ मी एकटाच.
इथं कुणी विचारत नाही, "हिला काय झालंय?"
आम्ही सेव-उसळीच्या तर्रीबद्दल बोलतो.

आई होती तोवर वत्सू धावली नव्हती.
धावून जायचं कुठं?
स्वयंपाकघर, न्हाणी, उंबरा.
पण उंबऱ्याबाहेर रोज तिची रांगोळी,
आईनं हात धरून गिरवलेले ठिपके,
एकही कधी इकडचा तिकडे नाही.
"रांगोळी तुडवू नये, ओलांडूही नये."
हे तिला एकदाच सांगावं लागलं.
मला रोज.
मी दप्तर सावरत पळायचो, नेमका ठिपक्यांतून,
आणि जिला कुठलीच शाळा घेत नव्हती ती
दारात बसून
माझ्या पावलाएवढी जागा पुन्हा भरायची.

एरवी आम्ही विटेपासून विटेपर्यंत धावतो.
त्या रविवारी निवडीचे साहेब यायचे होते,
म्हणून नयनाबेननी सुरुवातीला सुतळी,
मध्ये लाल झेंड्या,
आणि होती तेवढी फक्की
शेवटच्या रेघेला घातली:
जाड, पांढरीशुभ्र, हात न थरथरता ओढलेली.

शिट्टी. फिरोजचा सलाम.
"दोड, वत्सला, दोड!"

बहिणीला मी पहिल्यांदाच पाहिलं
माझ्यापासून लांब जाताना, पाठमोरी.
वेणी उजवीकडे, कोपरं कुठंही,
पारुल मागे, निखिल मागे,
चाळीस मीटर, पंचेचाळीस

आणि ती रेघेशी थांबली.
अंगठे आवरून. खाली बघत.
शेजारून एकेक जण गेला,
फक्की उडाली, टाळ्या झाल्या.
सलाम पुरा करून निघालेला फिरोजसुद्धा गेला.

मी ओरडलो. काय ते लिहीत नाही.

ती वळली, रेघेच्या कडेकडेनं चालत राहिली,
जिथं उतरायणाचा मांजा अजून लोंबत होता
त्या कडुलिंबाखाली फक्की संपली होती,
तिथून वळसा घेऊन पलीकडे पोचली.
एक मिनिट चौदा सेकंद.
साहेबांनी वहीत काही लिहिलं, मग खोडलं.

मी तिच्याकडे धावलो. सरळ, रेघेवरूनच.
तिनं माझं तोंड पाहिलं नाही,
चपला पाहिल्या.
मग खाली बसली, आणि आजूबाजूची पांढरी भुकटी
चिमटीत गोळा करून
भरू लागली, जिथून मी आलो होतो तिथून.
पाऊल आता मोठं झालंय माझं,
चिमट्या जास्त लागल्या.
मग निखिलचं. मग पारुलचं.

नयनाबेननी ओठांजवळची शिट्टी खाली सोडली.
पुढची शर्यत
वीस मिनिटं उशिरा सुरू झाली.