आकडा

कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून टेकले,
तोच उमरेडची ढाकाटे आली, मोबाइल पुढे धरून.
चार दिवसांत लेख छापतो म्हणे. अठरा हजार.
मंडळ आंतरराष्ट्रीय.

मी पत्ता शोधला.
सदरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरची माडी.
"माय तर अंगठी मोडाले निघाली होती ना, मॅडम."

पंचवीस वर्षं मी तारखेचे शिक्के मारले,
उशीर झाला की दिवसाला पन्नास पैसे.
आता कोणी पुस्तक बुडवत नाही.
दरसाल पैसे भरून घेतलेले अंकच
एका सकाळी कपाटासकट निघून जातात.
कपाट नव्हतंच म्हणा.

तिचा लेख कोष्ट्यांच्या बोलीवर:
धोटा, फणी, पांजण,
आणि एक शब्द, जो फक्त तिच्या आजोबांना येत होता.
दुपारभर बसून दोघींनी संदर्भ लावले,
विद्यापीठाच्या भांडारात चढवला.
फुकट. कुलूप नाही.

संध्याकाळी वाचकांचा आकडा: एक.
ती मीच.

सकाळी तीन.
ढाकाटे म्हणते, तिने उघडला नाही,
तिचा नेटपॅक संपलाय.

मग खण उघडून जुना शिक्का काढला,
कोऱ्या कागदावर दाबला.
शाई वाळलेली.
नुसता खळगा उमटला.