कायमचं वजन

गाडी मागून बसलीय, म्हणाली ओटिली कावारी,
आणि हातातलं कॅटलॉग तिनं माझ्या बाकड्यावर पसरलं.
पानभर पिवळे शॉकअप, लाल कॉइल,
आणि एक पिकअप, खडकावर पुढचं चाक टेकवून,
कुत्र्यानं पाय वर करावा तशी.
"हे हवंय. तीन इंच उंच."

औत्यो गावात माझं गॅरेज एकोणीस वर्षं आहे.
तीन इंचवाले परत येताना मी पाहिलेत:
एक्सलचे रबरी बूट फाटलेले, ग्रीस चाकभर,
आणि आई खाली उभी, चढायला दुधाचा क्रेट मागत.
उंची विकणं सोपं असतं.
मी विचारलं, "नेतेस काय?"

"गुरांच्या लशी. ओपुवोच्या पुढं,
होआनिब नदीच्या कोरड्या पात्रातून.
फ्रीज, पाण्याची टाकी, दोन जादा चाकं."
"रोज?"
"रोज."
"आणि कधीमधी?"
"बकऱ्या. लग्नाची माणसं. एकदा शवपेटी."

तिकडचा रस्ता म्हणजे पन्हळी पत्रा,
दोनशे किलोमीटर आडवा टाकलेला.
शॉकमधलं तेल तापतं, पातळ होतं,
मग शॉक म्हणजे नुसती नळी, शोभेची.
पाटे मऊ घेतले तर भरली गाडी लोळण घेते,
कडक घेतले तर रिकामी गाडी
मणक्याला लाथा घालते, घरापर्यंत.
"म्हणून आधी आकडा," मी म्हणालो, "रंग नंतर."

लिलावाचा दिवस नव्हता, गुरांचा काटा मोकळा होता.
एलिफासनं शेण खरवडलं.
आधी पुढची चाकं चढवली, मग मागची.
हा काटा बैलांशी खोटं बोलत नाही,
गाडीशी कशाला बोलेल?
तिच्या हिशेबापेक्षा चौऱ्याऐंशी किलो जास्त.

आम्ही हौदा उपसला.
जॅक, फावडं, वाळूत घालायच्या फळ्या,
आणि फळकुटाशी, घोंगडीखाली,
कॅनव्हासच्या पाच पिशव्या.
दगड.
प्रत्येकावर शाईनं आकडा, बारीक, जपून काढलेला.
एकाच्या कडेला हिरवं काहीतरी
बाटलीच्या काचेसारखं चमकलं.

"झेफानियाचे," ती म्हणाली. "भाऊ. गाडी त्याचीच होती."
होती, एवढंच.

एलिफासला गप्प बसणं अजून जमत नाही, वय एकोणीस.
"हे काढले ना," तो म्हणाला,
"तर नवे पाटे लागायचेच नाहीत."
जवळजवळ खरं होतं.
मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

तिनं हिरवा दगड उचलला, फुंकर मारली,
आकडा वर येईल असा परत ठेवला.

माझ्या फॉर्मवर दोन रकाने असतात:
कायमचं वजन. कधीमधीचं वजन.
पहिल्यात मी लिहिलं: फ्रीज. पाणी. चाकं दोन.
पेन तिथंच थांबलं.
मोपाने झाडावर कसलासा पक्षी उगाच कटकट करत होता.
"किती म्हणालास?"
"चौऱ्याऐंशी."
"लिही मग."

तर मग पाटा एक वाढवला, मध्यम जाडीचा.
उंची दीड इंच, त्याहून एक दोराही नाही.
शॉक काळे, जाड पोटाचे,
बुडाशी नऊ खाचांची खुंटी असलेले,
ओपुवोत कुणीही उघडून दुरुस्त करील असे.
कॅटलॉग तिनं बाकड्यावरच सोडलं.
अजून आहे, त्यावर आम्ही नट ठेवतो.

तीन आठवड्यांनी आली.
धुळीनं पापण्या पांढऱ्या, गाडी सरळ उभी.
"कशी चालतेय?"
"छान." मग जरा वेळानं,
"दगड वाजत नाहीत आता.
पूर्वी खडीवर आले की वाजायचे."

मी काही बोललो नाही.
गाडीखाली सरकलो, पाठीला गरम वाळू,
आणि मागच्या दोन्ही शॉकची खुंटी
दोन दोन खाचा मागं फिरवली.