दोनशे दहा

न्यू ब्रन्सविकमधल्या एका चर्चच्या तळघरात
शनिवारी अकरा जंगलमालक जमले,
बहुतेक साठीपुढचे.
कॉफी पाणचट, खुर्च्या घडीच्या.
रोझेर म्हणाला, आज चालायला शिकू.
कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाहेर बर्फ वितळून रेंदा झालेला.
त्याने शंभर फुटांची दोरी अंथरली :
रोजच्यासारखं चाला, पावलं मोजा.
मुद्दाम लांब टाकू नका,
झाडीत सोंगं टिकत नाहीत.
ओडेतची भरली त्रेचाळीस.
शेजारच्या थिओफिलची छत्तीस; त्याने सांगितली तीस.

नवऱ्याच्या वहीत होतं :
ओढ्यापासून हद्दीच्या स्प्रूसपर्यंत दोनशे दहा.
तो गेल्यापासून दोन वर्षं
ती बरोब्बर तेवढीच चालायची
आणि थांबायची ऐन झुडपात,
जिथे काहीच नसायचं.
झाड पडलं म्हणावं, तर खोड कुठे?
ऑरेल चुकला म्हणावं, तर जीभ रेटत नव्हती.

घरी न जाता ती तडक ओढ्यावर गेली.
मागोमाग थिओफिल, न विचारता,
हातात निळ्या फितीचं रीळ.
दोनशे दहाला ती थांबली नाही.
दोनशे चाळीस.
मध्ये एकदा आकडा विसरली, मागे आली, पुन्हा निघाली.
दोनशे अठ्ठ्याहत्तरला
तळव्याला साल लागली, खवल्याखवल्यांची,
आणि सालीत बुजत आलेली कुऱ्हाडीची खूण.

थिओफिलने फीत बांधली. गाठ सुटली, पुन्हा बांधली.
‘ढांगा टाकायचा तो,’ म्हणाला,
‘आम्हालाही धावावं लागायचं.’

पुढच्या शनिवारी विषय आहे वारसपत्र.
तिने नाव घातलंय.
कॉफी मात्र घरून नेणार आहे,
थर्मास भरून, दोघांपुरती.